जपलेल्या वस्तू, विसरलेली माणसे

दिवाळी अंकांतून दरवर्षी कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, चित्रपटांची तर येतातच. वस्तुसंग्रहालयाचे परीक्षण मात्र माझ्या वाचनात कधी आलेले नाही. वास्तविक संग्रहालय हीदेखील एक रचनाच असते. काय ठेवायचे, काय गाळायचे, कशाशेजारी काय मांडायचे आणि आत आलेल्या माणसाला कोणत्या वाटेने न्यायचे, हे कुणीतरी ठरवलेले असते. कादंबरीकाराला तरी याहून वेगळे काय करावे लागते? म्हणून आज एका कादंबरीकर्तीने, तिला जमेल तसे, संग्रहालयांचे परीक्षण करायचे योजले आहे. माझा अधिकार विचाराल तर तो बेताचाच. मी दहावी झालेली. आमच्याकडची म्हातारी माणसे अजून त्याला मॅट्रिक म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालवाडीत मी मुले सांभाळते आणि उरलेल्या वेळात लिहिते. पुरातत्त्व मला कळत नाही. पण आत गेलेल्या माणसाचे काय होते, एवढे पाहता येते.

आमच्या संस्थेच्या प्राथमिक शाळेची सहल निघाली, की मुले मोजायला मला बरोबर नेतात. काही वर्षांपूर्वी अशीच एका शहरातल्या संग्रहालयात आम्ही गेलो होतो. त्याचे नाव सांगत नाही. कारण त्याच्यासारखी पुष्कळ आहेत. दारातच सूचना मिळाली : ओळ मोडू नका, बोलू नका, हात पाठीमागे बांधा. साठ मुले हात पाठीमागे बांधून काचेच्या कपाटांसमोरून चालू लागली. एका कपाटात तांब्याचे एक मोठे पात्र होते. खाली चिठ्ठी : ‘तांब्याचे भांडे, १९वे शतक.’ आमच्या चौथीतला एक मुलगा तिथेच थबकला. त्याचे आजोबा तांबट. तो मला म्हणाला, “बाई, हे ओतीव नाही. ठोकून केलंय. ते ठिपके दिसतात ना, त्याला मठारकाम म्हणतात. माझे आजोबा करतात.” एवढ्यात पहारेकरी आला आणि म्हणाला, “ए, पुढं चल. मागची मुलं खोळंबली.” मुलगा पुढे गेला. त्या दालनात त्या भांड्याविषयी सर्वांत जास्त माहिती असलेला माणूस दहा वर्षांचा होता, आणि त्यालाच तिथून हलवण्यात आले.

पहारेकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला वस्तू सांभाळण्याचा पगार मिळतो, मुलांचे ऐकून घेण्याचा नव्हे. दोष असला तर तो रचनेचा. हे घर सांगण्यासाठी बांधलेले आहे, विचारण्यासाठी नाही. आत येणारा प्रत्येक जण अडाणी आहे असे गृहीत धरूनच त्या चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात. आम्हा शिक्षकांना हा दोष चटकन ओळखू येतो, कारण तो आमच्यातही असतो.

आता कुणी म्हणेल, संग्रहालयाचे काम वस्तू जपण्याचे. माणसांची विचारपूस करायला दवाखाने आहेत, देवळे आहेत, शाळा आहेत. हा आक्षेप मला पटत नाही, आणि न पटण्याचे पहिले कारण आपल्याच इतिहासात आहे. मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे संग्रहालय आहे, ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. त्याच्या उभारणीत ज्यांनी जिवाचे रान केले त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी प्राचीन लेख वाचणारे पंडित खरे, पण पेशाने वैद्य. गरिबांना ते फुकट औषध देत, आणि महारोगावर उपाय सापडावा म्हणून त्यांनी पुष्कळ खटाटोप केला. रोग्याची नाडी पाहणारा माणूस संग्रहालयासाठी वर्गणी गोळा करत हिंडतो, यात त्या काळी कुणाला विसंगती वाटली नसावी. १९७५ साली त्या वास्तूला त्यांचेच नाव दिले गेले. पुढे इमारतीची दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली. तिथे मातीच्या लहान लहान पुतळ्यांतून मुंबईतले लोक आणि त्यांचे धंदे दाखवले आहेत. मला त्या संग्रहालयाची एक गोष्ट फार आवडते, ती त्याची जागा. हत्ती-माकडे पाहायला निघालेले कुटुंब, हातात शेंगांची पुडी घेऊन, सहज आत शिरू शकते. विद्वानांसाठी वेगळा दरवाजा नाही.

दुसरे उदाहरण म्युझियमचेच. मुंबईत नुसते ‘म्युझियम’ म्हटले की बसचा कंडक्टर जिथे उतरवतो त्याचे. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ती घुमटाची इमारत १९१४ च्या सुमारास बांधून झाली, पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तिथे मूर्ती यायच्या आधी जखमी सैनिक आले. लष्करी रुग्णालय म्हणून ती वापरली गेली, बालकल्याणाच्या कामासाठीही वापरली गेली, आणि संग्रहालय म्हणून तिचे दार १९२२ च्या जानेवारीत उघडले. त्या दालनांतून हिंडताना माझ्या मनात नेहमी येते, की इथे आधी खाटा होत्या. कुणी कण्हत असेल, कुणी घरी पत्र लिहून घेत असेल. माणसांची शुश्रूषा हे त्या वास्तूचे पहिले काम. वस्तूंची शुश्रूषा नंतरचे. ते पहिले काम अगदीच विसरले गेले असे नाही. २०१५ साली याच संग्रहालयाने एका मोठ्या बसमध्ये छोटेसे प्रदर्शन मांडून ती गावोगावी, शाळांच्या दारात पाठवायला सुरुवात केली. ज्यांना मुंबईला येणे जमणार नाही त्यांच्याकडे आपण जावे, हा विचार साधा आहे. पण तो सुचायला एवढी वर्षे जावी लागली.

मात्र ज्या संग्रहालयामुळे मी हा लेख लिहायला बसले, ते पुण्याचे. बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेत, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुष्कळांना वाटते की राजा ही पदवी असावी, कुणी संस्थानिक असावेत. शाळेतल्या माणसाला मात्र ते नाव वाचताच कळते. हजेरीपटात लिहितात तसे ते एका मुलाचे पूर्ण नाव आहे : राजा, वडिलांचे नाव दिनकर, आडनाव केळकर. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभे राहिले, आणि काकासाहेब व कमलाबाई या दोघांनी आयुष्यभर जमवलेले हे सारे धन पुढे सरकारच्या, म्हणजे लोकांच्या स्वाधीन केले. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतला थोडाच भाग मांडता येतो.

हा संग्रह कवीचा आहे हे पदोपदी जाणवते. एखाद्या इतिहासकाराने तोफा आणि ताम्रपट जमवले असते. केळकरांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले, दौती, फण्या, वज्र्या, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये जमवली. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तेही इथे उभे केले, हे खरे. पण माझा जीव गुंततो तो हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तूंत. ज्या बापाने मुलाचा हात गमावला, त्याने उरलेले आयुष्य इतरांच्या हातांच्या खुणा गोळा करण्यात घालवले, असे माझे आपले वाचन आहे. काकासाहेबांना हे मान्य झाले असते की नाही, कोण जाणे. टीकाकाराला एवढी मुभा असावी.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आई म्हणते, विसराळूपणा जडला तो सत्तरीनंतर. आधी डब्यांची झाकणे अदलाबदल होऊ लागली, मग दूध उतू जाऊ लागले, मग घराची वाट. आम्ही त्यांना पुण्याला दाखवायला आणले. डॉक्टर भले होते, आवाज मऊ होता. पण तपासणी म्हणजे परीक्षाच होती. आज वार कोणता? साल कोणते? शंभरातून सात वजा करा, त्यातून पुन्हा सात. हे तीन शब्द लक्षात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारीन. आई प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे पाहत होत्या, जशी आमच्या वर्गातली मुले न आलेल्या गणिताला शेजारच्याच्या पाटीकडे पाहतात. शेवटी त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, “मला न्हाई येत.” आयुष्यभर सहा माणसांचा संसार हाकलेल्या बाईने हे वाक्य माझ्या देखत पहिल्यांदा उच्चारले.

एस्. टी.ला अवकाश होता. ऊन फार, बसायला कुठे सावली नाही. म्हणून मी त्यांना रिक्षाने केळकर संग्रहालयात नेले. खरे सांगायचे तर पंखा आणि सावली यांच्या आशेने नेले. पहिली काही कपाटे त्या नुसत्याच पाहत गेल्या. अडकित्त्यांपाशी आल्यावर त्यांचा हात कमरेला गेला, जिथे पूर्वी चंची असायची. मग त्या काचेच्या अगदी जवळ गेल्या आणि बोलू लागल्या.

“हा नुसता दिसायला बरा. रोठा सुपारीला नाही चालायचा, दांडे लचकतील त्याचे. हा बघ, हा कामाचा.”

शेजारी दोन कॉलेजातल्या मुली वहीत चित्रे काढीत होत्या. त्यांतली एक वळून म्हणाली, “आजी, रोठा म्हणजे काय हो?” झाले! रोठा कसली, चिकणी कसली, कोवळी सुपारी उकडून कशी वाळवतात, लग्नाच्या पंक्तीनंतर सुपारी कातरायला कोण बसायचे आणि कातरता कातरता कुणाच्या सुना कशा नांदतात याचा निकाल कसा लागायचा, हे सारे आईंनी उभ्याउभ्या सांगितले. मुलींनी चित्राशेजारी ते लिहून घेतले. आणखी दोघे-तिघे थांबले. तिथला सेवक जवळ आला. मला वाटले आता आम्हाला पुढे हाकलणार. तो आपला ऐकत उभा राहिला.

वज्र्यांपाशी आई हसल्या. “एवढी नक्षी टाच घासायला? ही सावकाराघरची. आमच्यात खरबरीत दगड असायचा, झालं.” आणि मोठ्या भांड्यांपुढे आल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. बराच वेळ पाहून त्यांनी मला विचारले, “ही कोण घासायचं, ते नाही लिवलं व्हय?”

वाचकहो, इतकी वर्षे मी पुस्तकांची परीक्षणे वाचते आहे. एवढे नेमके टीकावाक्य मला थोड्याच ठिकाणी भेटले. आपल्या बहुतेक संग्रहालयांतल्या गृहोपयोगी दालनांवर तो पुरेसा अभिप्राय आहे. पितळ लखलखते, चिठ्ठीवर शतक असते, धातूचे नाव असते. राखेने हात फुटलेल्या बाईचा उल्लेख नसतो. वाड्यातल्या समया येतात; ज्या घरात एकच चिमणी होती आणि तीही तेल संपले की विझायची, त्या घरातले काही येत नाही, कारण त्या घरात जपून ठेवण्याजोगे काही उरतच नाही. जुन्या वस्तूंकडे पाहून गहिवरणे सोपे आहे. त्या वापरलेल्या माणसाला विचारले, तर गहिवराबरोबर तक्रारही ऐकावी लागते. जिवंत संग्रहालयात त्या तक्रारीला जागा हवी.

त्या दिवशी आई बऱ्या झाल्या, असे मी म्हणणार नाही. परतीच्या एस्. टी.त खंबाटकी घाट ओलांडल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून अदबीने विचारले, “बाई, तुम्ही कुठं उतरणार?” मला त्या जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हणाल्या नव्हत्या. मी म्हणाले, “तुमच्याच गावाला.” त्यांना बरे वाटले. आजाराने आपले काम चालूच ठेवले होते. पण सकाळी ज्या बाईला सगळे प्रश्न न येणारे विचारले गेले, तिला दुपारी येणारे प्रश्न विचारले गेले, आणि तासभर ती पुन्हा जाणती झाली. हा तास औषधाच्या दुकानात मिळत नाही.

पुढे मी याविषयी जे मिळेल ते वाचले, तेव्हा कळले की परदेशांत हे काम पद्धतशीर चालते. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ साली ‘हाऊस ऑफ मेमरीज’ नावाचा उपक्रम सुरू केला. स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्या माणसांना, मग त्या परिचारिका असोत की घरच्या लेकी-सुना, जुन्या वस्तूंच्या आधाराने गप्पा कशा सुरू कराव्यात हे तिथे शिकवतात. जुन्या वस्तू भरलेल्या पेट्याही दिल्या जातात. डेन्मार्कमध्ये ऑर्हुस शहरी जुन्या घरांचे एक संग्रहालय आहे. तिथे १९५० च्या काळचे एक बिऱ्हाडच मांडून ठेवले आहे आणि विसरभोळ्या म्हाताऱ्यांना तिथे कॉफी प्यायला नेतात. कपाला, खुर्चीला, चुलीला हात लावायचा. काच मध्ये नाही. कॅनडात माँट्रियलच्या कलासंग्रहालयाशी ठरवून २०१८ पासून काही डॉक्टर रोग्याला औषधाच्या चिठ्ठीसारखी संग्रहालयाची चिठ्ठी लिहून देऊ लागले. आणि २०२२ साली जगभरच्या संग्रहालयांच्या परिषदेने प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या मंजूर केली, तिच्यात समाजाची सेवा होतीच. सर्वांना प्रवेश आणि लोकांचा सहभाग यांचीही स्पष्ट भर पडली.

या साऱ्याचे मला कौतुक आहे. तरी दोन शंका नोंदवते. पहिली जपणूक करणाऱ्यांची, आणि ती खरी आहे. हाताला घाम असतो, घामात मीठ असते. हजार हात लागले तर दोनशे वर्षांचा अडकित्ता पन्नास वर्षांत झिजेल. त्यावर उपाय अवघड नाही. मोलाची वस्तू काचेत असू द्या; तिच्याच जातीची, बाजारात किलोवर मिळणारी दुसरी वस्तू बाहेर टेबलावर ठेवा. हात लावायला तीच पुरते. दुसरी शंका माझी. सेवेचे नाव निघाले की तिचा अहवाल निघतो, किती म्हातारे आले याचे आकडे निघतात, फोटो निघतात. आणि मग त्या म्हाताऱ्यांकडे आपण दयेने पाहू लागतो. आईंना त्या दिवशी दया मिळाली असती तर त्या गप्प बसल्या असत्या. त्यांना मिळाला तो एक खराखुरा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्या मुलीला खरोखरच उत्तर माहीत नव्हते. संग्रहालयांनी सेवा करायची ती अशी : ज्यांना बाकी सगळीकडे ‘येत नाही’ म्हणावे लागते, त्यांना इथे काहीतरी येत असावे. आणि ते बोलत असताना टेकायला प्रत्येक दालनात एक बाक असावा. ही मागणी क्षुल्लक वाटेल. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा अभिप्राय बाकावर बसल्याशिवाय मिळत नाही.

मोठ्या संस्थांना सल्ला देऊन थांबणे मला बरे वाटेना. म्हणून आमच्या बालवाडीच्या वर्गात खिडकीखाली एक ट्रंक ठेवली. महिन्यातून एकदा एका मुलाने घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि ती वापरलेले माणूसही बरोबर आणायचे. वस्तूला सगळ्यांनी हात लावायचा. प्रश्न तीनच : हे काय? हे कोण वापरायचे? ते वापरताना काय दुखायचे? तिसरा प्रश्न आईंचा आहे असे मी समजते. त्या प्रश्नाला आजवर एकही आजी गप्प बसलेली नाही. सहलीतला तो तांबटांचा मुलगा आता मोठ्या शाळेत आहे. त्याचे आजोबा एकदा हातोडी घेऊन आले आणि त्यांनी मुलांपुढे तांब्याच्या पत्र्यावर एक एक ठिपका उठवून दाखवला. मुले मोजत होती. शंभराच्या पुढे त्यांचे आकडे संपले. आजोबांचे ठिपके संपले नाहीत.

आईंना मी दोनदा तिथे नेले. तिसऱ्यांदा न्यायच्या आधी त्या गेल्या. त्यांचा अडकित्ता ट्रंकेत आहे. मुले त्याने खडू कातरतात. मी रागावत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांतून माळे उतरवून झाले असतील. पितळेचा बंब, फुटक्या कानाची कढई, कुलूप हरवलेला पानाचा डबा दाराशी आला असेल आणि मोड घेणाराही येऊन गेला असेल. तो अजून आला नसेल, तर एवढे करा. त्या वस्तू घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे ठेवा, मुलांना भोवती बसवा आणि विचारा. चिवड्याचे ताट मध्ये असू द्या. मग मोडीत काय घालायचे ते ठरवा.